जगात जर्मनी, भारतात परभणी आणि ओट्याखाली झुरळ

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे परभणीकर नेमके कशाच्या जोरावर म्हणतात, हे विचारायची पद्धत नाही. रस्त्यांच्या जोरावर नक्कीच नाही. यमकाच्या जोरावर म्हणावे, तर तेही ओढूनताणूनच जुळते. शिवाय याच गावाबद्दल ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ अशी दुसरीही म्हण आहे आणि तीही परभणीकर तितक्याच अभिमानाने ऐकवतात. पण जर्मनीशी आपले काहीतरी नाते असावे, या जुन्या संशयाला २०२४ साली शास्त्रीय आधार मिळाला. तो आधार सहा पायांचा आहे.

रात्री अकरा वाजता पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला की ओट्यावरून मिक्सरच्या मागे जे पळते, ते पेरभर लांबीचे, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळे पट्टे असलेले झुरळ म्हणजे ‘ब्लाटेला जर्मानिका’, अर्थात जर्मन झुरळ. लिनियसने १७६७ साली हे नाव ठेवले आणि जर्मनी बदनाम झाली. रशियन लोक त्याला प्रशियाचे म्हणत, जर्मन लोक रशियाचे. आपल्या घरातली झुरळे शेजाऱ्याकडूनच येतात, हा सिद्धांत परभणीच्या अपार्टमेंटांत जन्मलेला नाही. पुढे २०२४ मध्ये संशोधकांनी १७ देशांतल्या २८१ झुरळांची जनुके तपासली, तेव्हा कळले की हा गडी मुळी जर्मन नाहीच. सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला, बंगालच्या उपसागराभोवती, तो आशियाई झुरळापासून वेगळा झाला आणि माणसाच्या घरात राहायला आला. नंतर व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून आणि सैन्याच्या शिध्यातून त्याने पश्चिम गाठली. युरोपात पोचायला त्याला अठरावे शतक उजाडले. माल इकडचा, शिक्का जर्मनीचा.

या स्वदेशी प्राण्याशी परभणीतल्या घरांचे युद्ध अखंड चालू असते. ओट्याच्या कडेने खडूची लक्ष्मणरेखा ओढलेली असते. रामायणातली रेषा रावणाला ओलांडता आली नव्हती. ही रेघ झुरळ ओलांडते, फक्त पलीकडे गेल्यावर जरा झिंगते. सिंकच्या खाली फवाऱ्याचा डबा, कपाटाच्या बिजागरीला जेलचे ठिपके, फडताळात डांबराच्या गोळ्या, आणि या साऱ्यांवर विश्वास नसलेल्या सासूबाईंच्या हातात चप्पल. यांतले सर्वांत खात्रीचे हत्यार चप्पलच आहे, कारण बाकीच्या सगळ्यांची झुरळांना सवय होते. अमेरिकेत गोड आमिषात विष घालून त्यांना मारायचा उद्योग जोरात होता, तेव्हा झुरळांनी ग्लुकोज खाणेच सोडून दिले. १९९३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. साखर सोडा म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षे कंठशोष करतात, ती परभणीच्या जावयांना सुटत नाही, झुरळांना सुटली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने आणखी वाईट बातमी दिली: एका औषधाला टिकलेल्या झुरळांची पुढची पिढी कधी न चाखलेल्या दुसऱ्या औषधांनाही दाद देत नाही.

बाकीच्या पोटभाडेकरूंची वागणूक घराघरांत ठरलेली आहे. मुंग्यांना देवळाच्या पारावर साखर घालायची आणि घरात हळद. पालीला हाकलायचे नाही, फक्त अंगावर पडली की पंचांग काढायचे. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळव्यांचे थवे ट्यूबलाइटवर तुटून पडले की सगळे दिवे घालवून एका बल्बखाली पाण्याचे घमेले ठेवायचे आणि कुटुंबाने अंधारात बसून शिळ्या गप्पा मारायच्या. लाइट असूनही ती बंद करायचा हा वर्षातला एकमेव प्रसंग. ढेकणांसाठी एकेकाळी बाजेच्या सांध्यांत टिक-२० सोडत. ढेकूण, झुरळ, डास, वाळवी या मंडळींना माणसाचा सहवास मनापासून आवडतो आणि काहीही केले तरी ते घर सोडून जात नाहीत.

जिला माणसाच्या घरात काडीचाही रस नाही, ती मधमाशी मात्र फक्त उन्हाळ्यात येते. तीही पाण्यापुरती.

मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ च्या पुढे सरकतो. दुपारी रस्त्यावर फक्त लग्नाची वरात आणि कुत्री दिसतात, आणि कुत्र्यांनाही बोलावणे असते म्हणूनच. अशा वेळी खिडकीला टेकवलेल्या पत्र्याच्या कूलरच्या ओल्या जाळीवर माश्या जमू लागतात. आधी पाच-सात, मग जाळी काळीभोर. त्यांना चावायचे नसते, त्यांच्या घरातही उन्हाळा असतो. पोळ्यातल्या पिल्लांना ३४-३५ अंशांच्या आसपास तापमान लागते. त्यापेक्षा वाढले तर अंड्या-अळ्यांचे काही खरे नाही. म्हणून कामकरी माश्या पाणी आणतात, पोळ्यावर त्याचे पातळ थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालत बसतात. ओला पृष्ठभाग आणि वरून पंखा. परभणीत पत्र्याचा पहिला कूलर यायच्या कोट्यवधी वर्षे आधी हे तंत्र त्यांच्याकडे होते. तेव्हा दुपारी कूलरवर जमतात त्या खरे तर मूळ संशोधकाच्या वारसदार. त्यांचे स्वागत असे होते:

“अहो, कूलर बंद करा, माश्या आल्यात!”

“कूलर बंद केला तर मी जातो. माश्या राहू द्या.”

“लेकराला चावली म्हंजे?”

“लेकरू कुठंय?”

“कूलरपुढंच बसलंय न!”

मग टॉवेल फिरवला जातो. टॉवेलाने माशी चिडते. मग झुरळांसाठी आणलेला डबा येतो आणि जाळीवर फवारला जातो. कूलर चालूच असल्याने त्यातला बराचसा वाटा वाऱ्याबरोबर घरात येतो आणि कुटुंबप्रमुखाच्या नाकात जातो. माश्या पटापटा खाली पडतात. केरसुणीने त्या गोळा करून बाहेर टाकल्या की घर सुरक्षित झाले असे मानायचे.

त्याच कूलरच्या टाकीत, जाळीच्या दोन वितीखाली, एडिस डासाच्या अळ्या निवांत वळवळत असतात. हा डास डेंग्यू पसरवतो, दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेले पाणी पसंत करतो. त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. म्हणून आरोग्य विभागाची माणसे दारोदार सांगत हिंडतात की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, टाकी रिकामी करा, घासा. सगळे ‘हो’ म्हणतात. पण टाकी रिकामी करायला कूलर हलवावा लागतो, कूलर हलवायला दोघे लागतात, आणि दुसरा पुण्याला नोकरीला आहे. तेव्हा चावून माणसाला दवाखान्यात पोचवणारा कीटक टाकीत सुखाने वाढतो आणि नुसते पाणी प्यायला आलेली मधमाशी केरात जाते. घरातल्या कीटकशास्त्राचा सगळा अभ्यासक्रम या एका कूलरमध्ये शिकून होतो.

अर्थात सगळ्याच मधमाश्या अशा गरीब नसतात. आपल्याकडे मुख्य चार-पाच जाती. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे लावणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत अंधारात एकामागे एक पोळी बांधणारी सातेरी, जिला पेटीत पाळता येते, १९६०च्या दशकात भारतात रुळलेली पाहुणी मेलीफेरा, डंख नसलेली चिमुकली पोयाची माशी, आणि आग्या. आग्याचे एकच पोळे, उघड्यावर, कधी मीटरभर रुंद, आणि त्यावर हजारो माश्या. ती जागा निवडते तीही सार्वजनिक महत्त्वाची: जलकुंभ, कचेरीची गच्ची, जुना वड, पुलाची कमान, अपार्टमेंटचा पाचवा मजला. गांधीलमाशी जवळ आली तर पोळ्यावरच्या माश्या एकापाठोपाठ एक शेपूट उचलतात आणि सबंध पोळ्यावरून लाट धावल्याचा भास होतो. गांधीलमाशीला हा इशारा कळतो. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटते, आपल्यासाठीच नाच चालला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पर्यटकांना आग्या माश्यांनी पळवून लावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. धूर, उग्र अत्तर, दगड आणि आगाऊपणा यांतले काहीतरी एक त्या बातमीत सापडतेच.

अपार्टमेंटला आग्यामोहोळ लागले की सोसायटीची तातडीची बैठक बसते. पहिल्या बैठकीत गणसंख्या भरत नाही. दुसरीत खर्च कोणी करायचा यावर वाद होतो, कारण पोळे ज्याच्या गॅलरीला आहे तो म्हणतो गच्ची सामाईक, आणि बाकीचे म्हणतात गॅलरी खासगी. तिसऱ्या बैठकीत रात्री टेंभा घेऊन येणारा माणूस ठरतो. तो येतो, खालून धूर करतो, निम्म्या माश्या जाळतो, मध कापून नेतो आणि वर पैसेही घेतो. यात मजा अशी की आग्या फिरस्ती असते. फुलोरा संपला, ऋतू पालटला की ती पोळे सोडून आपणहून निघून जाते. सोसायटीने नेहमीच्याच गतीने आणखी दोन बैठका घेतल्या असत्या, तर ठराव मंजूर होण्याआधीच माश्या गेल्या असत्या.

गावातून शेताकडे निघाले की डबा मोठा होतो, एवढाच फरक. परभणी हा कापसाचा जिल्हा. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर या बाजूची बाजारपेठ कापसावर उभी राहिली आणि कापसाबरोबर कृषी सेवा केंद्रे. देशात कापसाखालची जमीन एकूण लागवडीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास, पण १९९०च्या दशकात एकूण कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास कापसावर रिती होत. तेव्हाच्या शेतकऱ्याला मुलांचे वाढदिवस लक्षात नसत, पण मोनोक्रोटोफॉस, एंडोसल्फान, सायपरमेथ्रीन ही नावे तो झोपेत म्हणून दाखवी. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आता अळीचा प्रश्न मिटला, फवारा अडगळीत गेला, असे वाटले. काही वर्षे खरोखर तसे झाले. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. गुलाबी बोंडअळीने या दोन्ही जनुकांचा सावकाश अभ्यास केला आणि २०१७ साली महाराष्ट्रभर प्रबंध सादर केला. बोंडे वरून टवटवीत, फोडले की आत अळी आणि किडलेली सरकी. फुले उमलेनात, पाकळ्या मिटून डोमकळ्या झाल्या. अळी मागे हटली होती त्या काळात तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही रस शोषणारी मंडळी पुढे आली होतीच. त्यांच्यासाठी पंप पुन्हा पाठीवर चढले होते.

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. छातीएवढा वाढलेला कापूस, दमट हवा, तोंडाला फडके, दोन-तीन औषधांचे घरगुती मिश्रण. इथे विनोदाला जागा नाही.

कीटकनाशकांच्या बाजारात पुढे नवी पिढी आली, निओनिकोटिनॉइड. त्यांत इमिडाक्लोप्रिड नावाचे औषध सर्वांत लोकप्रिय. ते कापसाच्या बियाण्याला लावलेले असते, पांढऱ्या माशीवर फवारले जाते, वाळवीसाठी पायात सोडले जाते आणि झुरळाच्या जेलमध्येही असते. शेतापासून ओट्यापर्यंत एकच औषध. त्याची खुबी अशी की ते झाडाच्या अंगात भिनते. मुळातून शिरून पानात, पानातून फुलात, फुलातून परागात आणि मधुरसात उतरते. रस शोषणारी कीड मरते. मधमाशी मरतेच असे नाही. ती वाट चुकते. फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर इवल्या इलेक्ट्रॉनिक चकत्या चिकटवून त्यांना याच कुळातल्या थायमेथोक्झामचा अगदी अल्प डोस दिला. औषध न चाखलेल्यांच्या मानाने यांतल्या कितीतरी अधिक माश्या घरी परतल्याच नाहीत. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोळे दिसायला ठीक असते, राणी असते, पिल्ले असतात, फक्त सकाळी कामाला गेलेली माणसे संध्याकाळी येत नाहीत.

या साऱ्यात कळीचा प्रश्न असा की बोंडअळी, डास, झुरळ सगळ्यांना औषध पचते, मग मधमाशीलाच का नाही? २००६ साली मधमाशीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा उत्तराचा एक भाग सापडला. विष फोडून निकामी करणाऱ्या एका मोठ्या जनुककुळातले सदस्य तिच्याकडे मलेरियाच्या डासाच्या निम्म्याहून कमी निघाले. कोट्यवधी वर्षे फुलांनीच तिला जेवायला बोलावले. विष पचवायची वेळच आली नाही. त्यात सबंध वसाहतीत अंडी घालणारी राणी एक, तीही सहसा वर्षातून फार तर एक-दोनदा बदलते. बोंडअळीच्या एका हंगामात कित्येक पिढ्या होतात आणि प्रत्येक पिढीत चार चिवट उरतात. फवारणी ही कीटकांची प्रवेशपरीक्षा धरली, तर नको असलेले सगळे उमेदवार दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पास होतात आणि जिची नेमणूक आधीच झाली होती ती नापास.

मधमाशीचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर आइनस्टाइन येतो. मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असे तो म्हणाल्याचे गावोगावच्या ग्रुपवर सकाळी फुलांच्या चित्रासह फिरत असते. तो असे कधी म्हणाल्याचा पुरावा नाही. (पण जन्माने तो जर्मन, तेव्हा परभणीने त्याला आपला मानायला हरकत नाही.) खरे तर ज्वारीला, गव्हाला मधमाशी लागत नाही; ती पिके वाऱ्यावर किंवा स्वतःवरच भागवतात. त्यामुळे मराठवाड्याची भाकरी शाबूत राहील. अडचण भाकरीच्या बाजूला आहे. कारळाची चटणी जाईल, कारण कारळाचे फूल स्वतःच्या परागाला जुमानत नाही, परका पराग माशीनेच आणावा लागतो. सूर्यफुलाचे तेल आटेल. करडईवर माश्यांची झुंबड असते, तिचाही उतारा बसेल. कांद्याचे बी भरणार नाही, म्हणजे पुढच्या वर्षी फोडायला कांदा नाही. टरबूज वेडेवाकडे निपजेल. माणूस चार वर्षांत संपणार नाही. कोरडी भाकरी खात पुष्कळ वर्षे जगेल आणि त्याबद्दल रोज तक्रार करेल.

खुद्द जर्मनीत काय चालले आहे, हेही म्हणीच्या दुसऱ्या भागीदाराने पाहून ठेवायला हवे. ऑरगॅनोफॉस्फरस कुळातली कीटकनाशके, म्हणजे आपल्या मोनोक्रोटोफॉसचे पूर्वज, १९३०च्या दशकात गेरहार्ड श्राडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जन्मली. किडे मारायचे औषध शोधता शोधता त्याच्या हातून टाबुन नावाचा युद्धातला विषारी वायूही निघाला. २००८ च्या वसंतात ऱ्हाइनच्या खोऱ्यात मका पेरताना बियाण्यावरच्या क्लोथियानिडिनची धूळ उडाली आणि ११ हजारांहून अधिक वसाहतींना बाधा झाली. २०१७ मध्ये क्रेफेल्ड गावच्या हौशी कीटकप्रेमींनी २७ वर्षे संरक्षित निसर्गक्षेत्रांत लावलेल्या सापळ्यांचा हिशेब मांडला: उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटले होते. पुढच्या वर्षी युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. २०१९ च्या फेब्रुवारीत बव्हेरियात सतरा लाखांवर मतदार थंडीत रांगा लावून मधमाश्यांसाठी सह्या करून आले. आपल्याकडे एवढी रांग अजून तरी पीकविम्यासाठीच लागते.

तरी परभणीची बाजू अगदीच लंगडी नाही. १८ मे १९७२ रोजी इथे कृषी विद्यापीठ उभे राहिले, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. परभणीत क्रांती झाली ती भेंडीत, असे कोणी चेष्टेने म्हणते. पण पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या केवडा रोगाला टक्कर देणारा ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण देशभर गेला. रोग पसरवणाऱ्या माशीशी भांडत बसण्यापेक्षा झाडालाच घट्ट करावे, हा शहाणपणा त्यात होता. विद्यापीठात गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले जातात. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले आणि नंतर ज्या गावात बस जाते तिथे गेले, ज्या गावात जात नाही तिथेही गेले. त्याचा बंदोबस्त करायला १९८०च्या दशकात मेक्सिकोहून हा भुंगा आणला. शेतकरी विद्यापीठातून डबीत भुंगे घेऊन येतो, गवतावर सोडतो. आणि आठवड्याने त्याचा भाऊ येऊन, गवतावर किडे दिसतायत म्हणून पंप मारून जातो. मित्रकीटकाच्या कपाळावर ओळखपत्र नसते, ही या शास्त्रातली मोठी उणीव आहे.

धुऱ्यावरची बोर-बाभूळ तुटली, आघाडा-तरोटा तणनाशकाने करपला, कडुलिंब रस्त्याच्या रुंदीकरणात गेले. तेव्हा औषध मारले नाही तरी मधमाशीने खायचे काय, हा प्रश्न उरतोच. फुलांचा उपवास घडलेल्या शिवारात कांद्याचे डेंगळे उभे राहतात तेव्हा त्याची किंमत कळते. कांद्याच्या गोंड्यातले फूल आपला पराग आधी सांडते आणि ग्रहण करायला नंतर तयार होते. नवरदेव येऊन गेल्यावर नवरीचा मंडपात प्रवेश. दुसऱ्या फुलाचा पराग माशीने आणला तरच बी धरते. मग बीजोत्पादन करणारा शेतकरी मेलीफेराच्या पेट्या भाड्याने आणतो. पेट्या रात्री येतात, कारण रात्री सगळ्या माश्या घरी असतात. सकाळी माश्या कामाला लागतात आणि त्यांना कुणाच्या सातबाऱ्यावर कुठवर जायचे हे माहीत नसल्याने शेजारच्या तुरीवर, हरभऱ्यावरही जातात. इथे भांडण सुरू होते.

“भौ, आठ-पंधरा दिवस औषध मारू नको. माह्या पेट्या आल्यात.”

“अळी काय तुह्या पेट्या जाईपोत्तर थांबायलीय का?”

“मंग संध्याकाळी मार. माश्या घरी गेल्यावर.”

“संध्याकाळी माणूस भेटना. माणूस सकाळी भेटतो.”

कृषी विभागाचा सल्लाही हाच असतो: फुलोऱ्यात शक्यतो फवारू नका, फवारलेच तर माश्या परतल्यावर संध्याकाळी. सल्ला बरोबर आहे. पण तो पाळायला माशी, मजूर आणि महावितरण या तिघांचे वेळापत्रक जुळावे लागते आणि तिघांपैकी वक्तशीर फक्त माशी आहे.

माशीने राजीनामा दिला तर तिचे काम माणूस करतो, हे चीनमधल्या सिचुआन प्रांतात दिसले; तिथे हान्युआन भागातले शेतकरी झाडावर चढून नाशपातीच्या फुलांना पिसांच्या कुंचल्याने पराग लावत आले आहेत. आपल्याला हे अप्रूप वाटायचे कारण नाही. आपला संकरित कापूस गेली पन्नासेक वर्षे असाच बनतो. १९७० साली गुजरातेत निघालेल्या ‘एच-४’ पासून पुढे संकरित बियाण्याच्या प्लॉटवर बायका संध्याकाळी कळी सोलून पुंकेसर काढतात आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे फूल आणून त्यावर घासतात. एका कळीला एकदा, दिवसाला शेकडो कळ्या. मधमाशीने हे काम मजुरीवर केले असते, तर देशात सर्वांत आधी तिची संघटना झाली असती.

हे माशीचे काम आता शहरातही येऊन पोचले आहे. परसात मांडवावर भोपळ्याचा वेल चढवणाऱ्या एखाद्या निवृत्त कारकुनाच्या घरी सकाळी सहाला डोकावावे. फुले भरपूर, पण इवले भोपळे पिवळे पडून गळतात. कॉलनीतले आग्यामोहोळ गेल्या साली ठरावाने जाळलेले, फुलोरीचे पोळे जास्वंदीवरून काठीने पाडलेले. मोबाइलवर बघून काकू नरफूल खुडतात, त्याच्या पाकळ्या सोलतात आणि मादीफुलाला लावत हिंडतात. घाई असते, कारण भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. कुंपणापलीकडून विचारणा होतेच:

“काय करायलाव काकू एवढ्या येरवाळी?”

“लग्न लावायलेय. मध्यस्थ मेले न सगळे.”

मेहनतीने चार भोपळे धरतात. ते लिंबाएवढे झाले की फळमाशी येते. तिला बोलावणे लागत नाही, पेटी लागत नाही, भाडेही नाही. ती कोवळ्या सालीत टोचून अंडी घालते आणि भोपळा आतून सडतो. मग काका कुजका भोपळा पिशवीत घालून कृषी सेवा केंद्र गाठतात. दुकानदार भोपळ्याकडे न बघताच निदान करतो, मागच्या रॅकवरून एक बाटली काढतो, वर गंधाचा सापळाही देतो. काका बिल देता देता सहज म्हणतात, “मधमाश्या बोलवायचं काही असतं का हो?”

“असतं की. त्याचंबी औषध आलंय. पाण्यात टाकून मारायचं, वासानं माश्या येतात.” दुकानदार त्याच रॅकवरून दुसरी बाटली काढून पहिलीच्या शेजारी ठेवतो.

काका दोन्ही बाटल्या उचलतात, लेबलवरची बारीक अक्षरे चष्मा वर करून पाहतात आणि विचारतात, “दोन्ही एकाच पंपात मिसळून मारलं तर चालतं का?”